चाड्यावरची मूठ

सामान्य काळातील पंधरावा रविवार जुलै महिन्याच्या १० ते १६ तारखांच्या दरम्यान येतो. ज्या वर्षी मत्तयचे शुभवर्तमान वाचले जाते, त्या वर्षी या रविवारी पेरणाऱ्याचा दाखला वाचला जातो. यवतमाळ जिल्ह्यात हाच आठवडा मोठ्या काळजीचा असतो. मृगात किंवा त्यानंतरच्या पावसावर पेरणी आटोपलेली असते, काही शेतांत अंकुर वर आलेले असतात, काही शेते नुसतीच काळी दिसत असतात, आणि पावसाने खंड दिला असेल तर दुबार पेरणीचा विचार घरोघरी चाललेला असतो. अशा आठवड्यात तो दाखला ऐकणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. या पेरणाऱ्याचे काही बी वाटेवर, काही खडकाळ जागी आणि काही काट्यांत पडले. मग तो पेरत तरी कसा होता?

प्रश्न अश्रद्धेचा नाही, शेतीचा आहे. प्रभू येशूच्या काळातील पॅलेस्टाइनमध्ये शेतकरी झोळीतले बी मुठीने शेतभर फेकीत असे, आणि मग नांगर फिरवून ते मातीआड करीत असे, असे अनेक अभ्यासकांनी स्पष्ट केले आहे. फेकलेले बी कोठे पडेल यावर माणसाचा पुरता ताबा नसतो. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या पूर्वजांनी मात्र आपली मुख्य पिके अशी फेकून पेरली नाहीत. त्यांनी ती ओळीत पेरली आणि त्यासाठी एक अवजार वापरले. त्या अवजाराचे नाव तिफण. प्रस्तुत लेखात आम्ही तिफणीचा, आणि तिच्या मागोमाग आलेल्या ओढत्या पेरणीयंत्रांचा व खतफेकणी यंत्रांचा इतिहास थोडक्यात पाहणार आहोत. हा इतिहास लाकडालोखंडाचा आहे, तसाच तो बी कोणाच्या हातात होते आणि आज कोणाच्या हातात आहे याचाही आहे.

किनारपट्टीवरील आमच्या वाचकांना भाताची शेती ठाऊक आहे. तेथे राबात रोप वाढवून ते चिखलात लावतात. पठारावरच्या कोरडवाहू शेतीत तसे करता येत नाही. तेथे बी थेट शेतातच घालावे लागते, आणि त्याच्या दोन रीती आहेत. एक, मुठीने शेतभर विखरून टाकणे. याला फोकून पेरणे म्हणतात. दुसरी, ठराविक अंतरावर रेघा ओढून त्या रेघांतच बी सोडणे. पहिल्या रीतीला हात पुरतो. दुसरीला अवजार लागते.

तिफणीची रचना पाहण्याजोगी आहे. एक जाड आडवे लाकूड असते, त्यास दिंड म्हणतात. त्यात तीन फण बसविलेले असतात. तीन फणांची म्हणून ती तिफण. दोन फणांची ती दुफण. महाराष्ट्राच्या इतर भागांत याच कुळातील अवजारास पाभर म्हणतात. फणांच्या टोकाला लोखंड असते आणि प्रत्येक फणाच्या मागे एक छिद्र असते. त्या छिद्रांत बांबूच्या पोकळ नळ्या बसवितात. तिन्ही नळ्या वर एकत्र येतात आणि लाकडाच्या एका कोरीव वाडग्यात उघडतात. हा वाडगा म्हणजे चाडे. बैल तिफण ओढतात, फण जमिनीत तीन तास काढीत जातात, आणि चाड्यात सोडलेले बी तीन वाटांनी तीन तासांत उतरते. मागून वखराची हलकी पाळी दिली की बी मातीआड होते.

या सर्व रचनेचा प्राण चाड्यावरच्या मुठीत असतो. तिफणीला बी मोजून सोडणारे चाक नाही, चकती नाही. पेरणारा माणूस ओटीतून बी घेतो, मूठ चाड्यावर धरतो आणि बोटांच्या फटींतून ते सतत, सारखे सोडीत बैलांच्या गतीने चालत राहतो. मूठ सैल पडली तर बी दाट पडते आणि वाया जाते. मूठ आवळली तर तासात रिकामी जागा राहते, आणि ती चूक पीक उगवल्यावर गावभर दिसते. म्हणून 'मूठ धरणे' हा शेतकऱ्यांच्या भाषेत एक कसबाचा शब्द झाला. घरातील वडीलधाऱ्यांपैकी ज्याची मूठ चांगली, त्याच्याकडे पेरणी.

कापसाची गोष्ट याहून थोडी निराळी. सरकीवर बारीक तंतू असतात. त्यामुळे बिया एकमेकींना चिकटतात आणि नळीत अडकतात. यावर वऱ्हाडच्या शेतकऱ्याने उपाय काढला तो शेणाचा. सरकी शेणकाल्यात आणि मातीत घोळून सुकवायची, म्हणजे तंतू बसतात आणि बी मोकळे होते. कापूस पेरताना बहुधा सरते वापरीत. सरते म्हणजे वर लहान चाडे असलेली एक सुटी नळी. ती दोरीने अवजाराच्या मागे बांधलेली असते. प्रत्येक सरत्यामागे एकेक बाई ओटीत सरकी घेऊन चालते आणि नळीत बी सोडीत जाते. पुढे पुरुष अवजार हाकतो, मागे स्त्रिया पेरतात. दाखल्यातील पेरणारा चित्रकारांनी नेहमी पुरुष म्हणून रंगविला. वऱ्हाडच्या कापसाच्या शेतात पेरणारा हात पुष्कळदा स्त्रीचा होता, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

येथे कोणी विचारील की एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर काळ्या जमिनीत आहे. या जमिनीचा वरचा थर उन्हाने लवकर वाळतो, पण दोनचार बोटे खाली ओल टिकून राहते. वर फेकलेले बी पावसाच्या पहिल्या उघाडीत करपते. नळीतून खाली सोडलेले बी ओलीत जाऊन बसते. दुसरे कारण तणाचे. ओळीत पेरलेल्या पिकात दोन ओळींमधून बैलांचा डवरा चालविता येतो. एका डवरणीत तण निघते, माती मोकळी होते आणि भेगा बुजून ओल राखली जाते. फोकून पेरलेल्या शेतात डवरा घालायला वाट कोठे असणार? तेथे सारे तण हातांनी उपटावे लागते. नांगर, वखर, तिफण आणि डवरा ही चार अवजारे म्हणजे वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतीचे चार खांब होते, आणि चारही एकमेकांच्या मापाने बनलेले होते. ती गावच्या सुताराने बाभळीची किंवा सागाची करावीत, लोहाराने त्यांना टोक द्यावे, आणि दोघांनी सुगीला खळ्यावर येऊन आपले बलुते न्यावे, अशी ती व्यवस्था होती. तिफण मोडली तर ती दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता.

हे अवजार किती जुने आहे? नळीतून बी सोडणाऱ्या नांगराची चित्रे मेसोपोटेमियातील प्राचीन मुद्रांवर कोरलेली आढळली आहेत. त्यांपैकी काही तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहेत. चीनमध्ये हान राजवटीत, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास, तीन फणांचे पेरणीचे अवजार प्रचारात आल्याचे तेथील परंपरा सांगते. आपल्या देशात कर्नाटकातील कूरिगे आणि आंध्रातील गोर्रू ही तिफणीचीच भावंडे होत.

युरोपात मात्र ही गोष्ट उशिरा घडली. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल या गृहस्थाने सुमारे १७०१ साली घोड्याने ओढायचे पेरणीयंत्र बनविले. तेही एका वेळी तीन ओळी पेरीत असे. टल ऑर्गन वाजवीत असे, आणि बी मोजून सोडण्याच्या यंत्रणेची कल्पना त्याला ऑर्गनच्या आतील खोबणी, जीभ आणि स्प्रिंग यांच्या रचनेवरून सुचली, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. ज्या वाद्याने चर्चमध्ये स्तोत्रांना साथ दिली, त्याच वाद्याच्या पोटात इंग्लंडच्या पेरणीयंत्राची कळ सापडावी, हा योगायोग आमच्या वाचकांना आवडेल. टलच्या यंत्राचे वैशिष्ट्य असे की त्यात माणसाची मूठ राहिली नाही. बी किती पडावे हे चाक ठरवू लागले.

इंग्लंडमध्ये हे यंत्र नव्या युगाचे लक्षण मानले जात असतानाच अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन टॉमस हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतात शेतकऱ्यांना सर्रास असे अवजार वापरताना पाहिले. तोवर त्याचा समज असा होता की हा आधुनिक युरोपचा शोध आहे. आपला समज चुकीचा ठरल्याचे त्याने मोकळेपणाने लिहिले, आणि त्याचे निवेदन लंडनच्या कृषिमंडळाने १७९७ साली प्रसिद्ध केले. इतिहाससंशोधक धरमपाल यांनी अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान व तंत्रज्ञानाविषयी १९७१ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे निवेदन समाविष्ट आहे. ज्यांना आपण अडाणी समजतो त्यांच्या अंगणात उभे असलेले अवजार पाहण्यासाठी कधी कधी परक्या माणसाचा प्रामाणिकपणा लागतो.

आता यवतमाळकडे वळू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ साली मिळाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस मँचेस्टरला पोहोचेनासा झाला, आणि इंग्रज गिरणीमालकांची दृष्टी वऱ्हाडकडे वळली. कापसासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला गेला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा अधिकारी १८६० च्या दशकात मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांच्या कापसाचे काम पाहत होता. परदेशी बियाणे आणून पाहण्यात आले, सुधारित अवजारांचे प्रयोग झाले. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने बाजारासाठी कापसाचे क्षेत्र वाढविले, परंतु तिफण आणि सरते सोडले नाही. १८८९ साली भारतात आलेल्या डॉ. जॉन व्होल्कर या कृषिरसायनतज्ज्ञाने १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात येथल्या शेतकऱ्याच्या कौशल्याची वाखाणणी केली, आणि देशी अवजारे घाईने टाकून देण्याजोगी नाहीत असेच मत मांडले.

तिफण टिकली, परंतु त्याच काळात दुसरी एक गोष्ट हातातून निसटू लागली. पूर्वी कापूस घरी रेच्यावर घालून सरकी काढीत. बी घरातच राही, आणि पुढच्या वर्षाची सरकी कोणत्या झाडाची ठेवायची हे घरातील स्त्री-पुरुष ठरवीत. सरकी काढण्याचे वाफेवरचे कारखाने, ज्यांना आपण जिनिंग म्हणतो, गावोगावी आले, तेव्हा कापूस सरकीसकट विकला जाऊ लागला. कारखान्यात दहा गावांची सरकी एकत्र झाली. पेरणीच्या वेळी शेतकरी तीच मिसळलेली सरकी विकत आणू लागला. लांब धाग्याची 'बनी' मागे पडून आखूड धाग्याच्या वाणांचे प्रमाण वाढले, त्यामागील कारणांत हे मिश्रण एक होते. कापूस वाहून नेण्यासाठी मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रुळांची आगगाडी आली. हीच पुढे लोकांच्या तोंडी 'शकुंतला' झाली, आणि आता ती काही वर्षांपासून बंद आहे. त्या गाडीतून कापूस बाहेर गेला, पैसा आत आला, हे खरे. पण पेरणीचे बी बाजारात जाऊन परत येण्याची रीतही त्याच काळात रुजली. चाड्यावरची मूठ शेतकऱ्याची राहिली, मुठीतले बी मात्र पूर्वीइतके त्याचे राहिले नाही.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ओढत्या यंत्रांचे एक वेगळे घराणे जन्माला येत होते. त्याची एक कथा आमच्या वाचकांना जवळची वाटावी अशी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात मारिया स्टाइन नावाचे, जर्मन कॅथलिकांनी वसविलेले खेडे आहे. स्वित्झर्लंडमधील पवित्र मरियेच्या एका तीर्थस्थानावरून त्याला ते नाव मिळाले. तेथे जोसेफ ओपेनहाइम नावाचे शाळामास्तर होते. शेणखत शेतावर पसरविण्याच्या दिवसांत मोठी मुले शाळेला येत नसत. खताची गाडी न्यायची, फावड्याने खत उतरवायचे आणि फेकायचे, हे काम इतके वेळखाऊ होते की वर्ग ओस पडत. मास्तरांनी मुलांना शिक्षा करण्याऐवजी कामावरच विचार केला, असे सांगितले जाते. त्यांनी गाडीच्या मागे फिरणारी तिरकी पाती बसविली, आणि त्या पात्यांनी खत गाडीच्या रुंदीहून अधिक रुंद पट्ट्यात फेकले जाऊ लागले. १८९९ साली त्यांनी हे यंत्र बनविण्यास आरंभ केला आणि त्याला 'न्यू आयडिया' हे नाव मिळाले. १९०१ साली मास्तर निवर्तले. त्यांच्या पत्नीने आणि मुलांनी कारखाना पुढे चालविला. शाळेतील रिकाम्या बाकांवरून एक यंत्र सुचावे, यात त्या मास्तरांचे मोठेपण आहे. आपल्याकडेही पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गांतली बाके रिकामी होत आली आहेत.

ट्रॅक्टर आल्यावर या घराण्यातील यंत्रे मोठी होत गेली. आज मोठमोठी शेते असलेल्या देशांत जे खत आणि बी फेकणारे यंत्र ट्रॅक्टरमागे ओढले जाते, त्याची रचना साधारण अशी असते. चाकांवर एक मोठी, खाली निमुळती होत गेलेली पेटी असते. तिच्या तळाशी कमीजास्त करता येणारे दार असते. दारातून दाणेदार खत किंवा बी वेगाने गरगर फिरणाऱ्या चकतीवर पडते. चकतीवरील पाती ते दोन्ही बाजूंना दहा-बारा मीटर किंवा त्याहूनही दूर फेकतात. मध्यभागी दाणे दाट पडतात आणि कडेला विरळ. म्हणून एका फेरीची कड दुसऱ्या फेरीच्या कडेवर चढवीत जावे लागते. थोडक्यात, दाखल्यातील पेरणाऱ्याचाच हात येथे लोखंडाचा आणि प्रचंड झाला आहे. गव्हाच्या विस्तीर्ण मैदानांत, कुरणांत आणि चराऊ रानांत त्याचा उपयोग मोठा आहे, हे नाकारता येणार नाही.

यवतमाळात मात्र हे यंत्र रुजले नाही, आणि त्याची कारणे तिफणीच्या जन्माच्या कारणांहून वेगळी नाहीत. येथले शेत लहान आहे. कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ असते. वर फेकलेले खत पिकाच्या ओळीत जेवढे पडते तेवढेच दोन ओळींमधल्या तणालाही मिळते. ओलसर पृष्ठभागावर पडलेल्या युरियातील नत्राचा काही भाग वायू होऊन उडून जातो, आणि पाऊस लांबला तर हे नुकसान वाढते. म्हणून येथला शेतकरी खत झाडाच्या मुळाजवळ मातीत घालतो, किंवा दोन पेट्यांच्या पेरणीयंत्राने बियाबरोबरच, पण बियाला चटका बसणार नाही अशा बेताने, ते जमिनीत सोडतो. ज्याला जे विकत आणावे लागते ते तो उधळीत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात बदल आला तो बियाण्याच्या मार्गाने. पुसद तालुक्यातील गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात संकरित ज्वारीचा मोठा प्रसार झाला. पहिला संकरित ज्वारीचा वाण सीएसएच-१ हा १९६४ साली आला होता. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी एच-४ हा कापसाचा संकरित वाण दिला. व्यापारी लागवडीसाठीचा तो जगातील पहिला संकरित कापूस मानला जातो. संकरित बियाण्याने उत्पन्न वाढले आणि भुकेच्या दिवसांत त्याचा आधार झाला, ही कृतज्ञतेने नोंदविण्याची गोष्ट आहे. परंतु त्याचे बी घरी ठेवून पुढल्या वर्षी पेरता येत नाही; पेरले तर पीक एकसारखे येत नाही. ते दरवर्षी विकत घ्यावे लागते आणि ते महाग असते.

महाग बी मुठीने सोडता येत नाही. देशी कापूस तिफणीने किंवा सरत्याने पेरताना एकरी पाच-सहा किलो सरकी लागे. संकरित कापसाला त्याचा लहानसा अंश पुरतो. तेव्हा सरते बाजूला पडले आणि टोकण आली. शेतात उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या, आणि जेथे रेघा एकमेकींना छेदतात त्या फुलीवर एक किंवा दोन बिया बोटांनी खोचायच्या. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि एकराचे बियाणे सुमारे साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटात येऊन बसले. फेकणाऱ्या हातापासून चाड्यावरच्या मुठीपर्यंत, आणि मुठीपासून दोन बोटांच्या चिमटीपर्यंत, असा हा बियाण्याचा प्रवास आहे. चिमटीचे काम बहुतेक स्त्रियाच करतात. तिफणीमागे त्या ताठ चालत होत्या. टोकणीत त्यांना दिवसभर वाकून चालावे लागते.

आज बैल कमी झाले आहेत. दोन बैल वर्षभर पोसणे अनेक कुटुंबांना परवडत नाही, आणि ट्रॅक्टरमागचे पेरणीयंत्र भाड्याने मिळते. पेटीतील खाचांच्या चकत्या बी मोजून सोडतात आणि एका दिवसात कितीतरी एकर पेरून होतात. सोयाबीनसाठी रुंद वरंबा आणि सरी पाडणारे, म्हणजे बीबीएफ, यंत्र आले आहे. त्यामुळे जोराच्या पावसात जादा पाणी सरीतून निघून जाते आणि खंड पडल्यास ओल टिकते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने अलीकडच्या वर्षांत सघन लागवडीवर भर दिला आहे. तीत कापसाची झाडे जवळजवळ लावली जातात आणि त्यासाठी यंत्राने पेरणी करणे सोयीचे ठरते. आजोबांच्या तिफणीने पेरलेला देशी कापूसही असाच दाट ओळींत उभा असे, हे पाहिले म्हणजे विज्ञान कधी कधी जुन्याच वाटेने नव्या ठिकाणी पोहोचते असे म्हणावेसे वाटते.

या यंत्रांविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. वाकलेली पाठ सरळ करणारे यंत्र हे आशीर्वादच आहे. परंतु यंत्राची पारख करताना ते किती वेगाने पेरते एवढेच पाहून भागणार नाही. बी उगवले नाही तर काय, हा प्रश्नही विचारला पाहिजे. तिफणीच्या काळात पाऊस दगा देत नव्हता असे नाही. पेरणी तेव्हाही उलटत असे, दुष्काळ तेव्हाही पडत, आणि सावकार तेव्हाही दारात उभा राही. पण जेथे सरकी आणि ज्वारीचे बी घरचे होते, बैल घरचे होते आणि तिफण गावची होती, तेथे दुसऱ्या पेरणीला मुख्यतः श्रम लागत. आज दुसऱ्या पेरणीला दुसरे पाकीट लागते, दुसऱ्यांदा ट्रॅक्टरचे भाडे लागते, खतही पुन्हा लागते, आणि हे सर्व रोख किंवा उधार आणावे लागते. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी विकत आणलेले सोयाबीनचे बियाणेच उगवले नाही, तेव्हा यंत्राने अचूक अंतरावर सोडलेले दाणे मातीत तसेच राहिले. यंत्र अंतर मोजते. बियातला जीव ते मोजीत नाही.

२००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्या सहांत यवतमाळ होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर दुःखाने घेतले जाऊ लागले होते. आत्महत्येचे कारण एका अवजारात किंवा एका पाकिटात शोधणे हा अन्याय होईल; कर्ज, भाव, सिंचनाचा अभाव, आजारपण, लग्नकार्याचा खर्च, एकटेपणा अशी अनेक कारणे तेथे गुंतलेली असतात. परंतु ज्या शेतीत चूक दुरुस्त करण्याची दुसरी संधी महाग होत जाते, त्या शेतीत माणसाचा धीर लवकर खचतो, एवढे आम्हांला या इतिहासावरून दिसते.

मग करावे काय? तिफण परत आणा असे सांगणे सोपे आहे, पण ते बैलांशिवाय आणि सुताराशिवाय शक्य नाही. मात्र तिफणीच्या मागे जी व्यवस्था होती तिच्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. यंत्र एकट्याचे नसून दहा घरांचे मिळून असावे, म्हणजे भाड्याचे ओझे हलके होईल आणि ओल असतानाच पेरणी साधेल. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या सरळ वाणांचे बी घरी निवडून, पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांतले किती उगवतात हे पाहून मगच चाड्यात किंवा पेटीत घालावे. ही उगवण चाचणी कृषी खातेही सांगते आणि तिला पैसा लागत नाही. यंत्र दुरुस्त करणारा तरुण गावातच तयार व्हावा. आणि ज्या स्त्रियांच्या हातांनी आजवर पेरणी झाली, त्यांना यंत्राच्या शिक्षणातून वगळू नये. मजुरी यंत्राने नेली आणि यंत्र पुरुषाने नेले, असे घडले तर पेरणारा हात रिकामाच राहील.

दाखल्यातील पेरणारा उदार होता. वाटेवर, खडकावर, काट्यांतही त्याने बी पडू दिले, कारण तो परमेश्वराच्या वचनाचे बी पेरीत होता आणि ते बी सरत नाही. यवतमाळच्या शेतकऱ्याचे बी सरते. त्याच्याजवळ मोजकी पाकिटे आहेत आणि मोजका पाऊस आहे. शहरातील आपण त्याच्या कापसाचे कपडे घालतो आणि त्याच्या तुरीचे वरण जेवतो. पुन्हा जेव्हा जुलैच्या त्या रविवारी हे शुभवर्तमान वाचले जाईल, तेव्हा चांगल्या जमिनीविषयी ऐकताना आपण त्या काळ्या जमिनीचीही आठवण करावी, आणि तेथे दुसऱ्यांदा मूठ भरण्याची वेळ ज्यांच्यावर आली असेल त्यांची ती मूठ रिकामी राहू नये, यासाठी प्रार्थनेबरोबर आपला हातही पुढे करावा.